सागाच्या धंद्याचा इतिहास जपायचाय? डेपोतल्या जुन्या बाबूकडून चार गोष्टी

चांद्याकडचा (चंद्रपूरकडचा) साग म्हटलं की आजकाल लोक अयोध्येचं नाव घेतात. मार्च २०२३ मध्ये राममंदिरासाठी बल्लारशाहून (म्हणजे बल्लारपूरहून) लाकूड गेलं, वाजतगाजत मिरवणूक निघाली, पेपरात फोटो आले. आनंद आहे. पण असा एखादा लठ्ठा जंगलातून डेपोपर्यंत येतो तेव्हा त्याला हॅमर (ठसा उमटवायचा हातोडा) मारणारा, पाडणारा, बंडीवर चढवणारा आणि वहीत उतरवणारा असे किती हात लागतात, ते कुठल्याच फोटोत नसतं. आलापल्ली, अहेरी, सिरोंचा, बल्लारशा या पट्ट्यातल्या दोन-तीन पिढ्या या धंद्यावर जगल्या, आणि त्यांची लिखापढी आज रद्दीच्या भावात चालली आहे.

माझी नोकरी लाकडाच्या डेपोत वह्या भरण्यात गेली. निवृत्तीनंतर हेच जमवत बसलो आहे. हाताशी येणारी पोरं विचारतात, "काका, सुरुवात कुठून करायची?" म्हणून हे लिहिलं. तुमचा भाग मेळघाट असो, डहाणू असो की धडगाव, रीत फारशी बदलणार नाही. नावं आणि सालं तेवढी तुमची घाला.

आधी माणसं गाठा

बहुतेक लोक आधी कागद शोधायला धावतात. माझं मत उलटं आहे. सरकारी कागद कुठल्या तरी कपाटात आणखी पाच वर्षं टिकेल; ऐंशीच्या घरातला माणूस टिकेलच असं नाही. शिवाय कागद कुठे आहे हे त्यालाच ठाऊक असतं.

कुणाला गाठायचं? निवृत्त साहेब बोलायला सोपे असतात, त्यांच्याकडे फाइली असतात, चहाही मिळतो. त्यांना शेवटी ठेवा. आधी तोड करणारे मजूर, बंडीवाले, मुकादम, ट्रकचे जुने ड्रायव्हर, लिलावात हमाली करणारे, बांबूचे बंडल बांधणाऱ्या बाया. कमलापूरच्या हत्ती कॅम्पमधले जुने माहूत आणि चाराकटर (हत्तींसाठी चारा कापणारे) तर आधी गाठा. हत्तीने लठ्ठा ओढायचा म्हणजे साखळी कुठे बांधायची, उतारावर हत्ती कुठल्या बाजूला ठेवायचा, हे आता काम म्हणून कुणी करत नाही. ज्यांनी केलं तेच सांगू शकतात.

वेळ बघून जा. मे महिन्यात अर्धं गाव तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करून द्यायच्या जागी असतं. जुलैत रोवणी. रोवणी आटोपल्यापासून धान कापणीला येईपर्यंत माणूस घरी निवांत सापडतो, आणि तेव्हा जंगलातली कामंही बंद असतात.

भाषेचा विचार आधीच करा. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या आजोबांना मराठीत विचारलं तर ते मराठीत येईल तेवढंच सांगतात, म्हणजे निम्मंच. सिरोंचाकडे तेलुगू लागते. घरातली नातवंडं बसवा, त्यांनाच प्रश्न विचारू द्या, तुम्ही फोन धरून गप्प बसा. मराठी नंतर करता येतं.

"तुमचे अनुभव सांगा" असं विचारू नका. अनुभव सांगा म्हटलं की माणूस भाषण करतो. लहान, हाताला लागणारं विचारा. पहिली रोजी किती मिळाली? कुणाच्या हातून? शनिवारी की बाजाराच्या दिवशी? बाईमाणसाला तेवढीच की कमी? एका बंडीवर किती लठ्ठे बसायचे? कूप (तोडीला काढलेला जंगलाचा तुकडा) सुरू झाला की झोपडी कुठे टाकायचे, पाणी कुठून आणायचे? झाड पडताना कोण ओरडायचं आणि काय ओरडायचं? कुणी जखमी झालं तर दवाखान्यात कसं न्यायचे? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण आधी हसतात आणि मग अर्धा तास बोलतात.

सोबत एखादी वस्तू न्या. मी गोलाई मोजायची जुनी फीत खिशात ठेवतो. एका जुन्या मुकादमांना मी दोनदा भेटलो होतो, दोन्ही वेळा "विसरलो बाबू" एवढंच. तिसऱ्यांदा फीत हातात दिली. त्यांनी अंगणातल्या मोहाला ती गुंडाळली, अंगठ्याने टोक दाबून धरलं, आकडा न बघता सांगितला, मग बघितला. दोन इंचांचा फरक. त्यानंतर फोनची बॅटरी संपेपर्यंत ते थांबले नाहीत: कुठल्या नाल्याकाठचा साग सरळ यायचा, कुठला आतून पोकळ निघायचा, कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने ठोकून ते आवाजावरून कसं ओळखायचे. शक्य असेल तर माणसाला जागेवरच न्या. आलापल्लीजवळ ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ नावाचा जुन्या सागाचा राखलेला तुकडा आहे, २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथल्या झाडाखाली उभं राहून सांगितलेली गोष्ट आणि ओसरीवर सांगितलेली गोष्ट, दोन्ही ऐकून बघा.

रेकॉर्डिंगसाठी साधा फोन चालतो. पंखा बंद करा, फोन विमान मोडवर टाका, फोन माणसापासून हातभर अंतरावर, कपड्यावर ठेवा. सुरुवातीला स्वतःच्या तोंडाने तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव आणि वय म्हणा, आणि "हे ठेवलं तर चालेल का, लोकांना ऐकवलं तर चालेल का" हे दोन वेगवेगळे प्रश्न विचारून उत्तर रेकॉर्ड करा. ठेवायला हो आणि ऐकवायला नाही, असं म्हणणारे बरेच निघतात.

साल कसं बसवायचं

"तेव्हा" म्हणजे केव्हा, हा रोजचा प्रश्न. माणसाला साल आठवत नाही, पण प्रसंग आठवतो. माझ्याकडे एक यादी असते, ती घेऊन विचारतो: गडचिरोली जिल्हा वेगळा व्हायच्या आधी की नंतर (२६ ऑगस्ट १९८२)? गोदावरीच्या मोठ्या पुराच्या आधी (१९८६)? बाहत्तरच्या दुष्काळात? अहेरीचे राजे विश्वेश्वरराव खासदार झाले तेव्हा (१९७७)? महामंडळ आलं होतं का? महाराष्ट्र वनविकास महामंडळ १९७४ चं. त्याआधीच्या आणि नंतरच्या कामाची पद्धत, पगार देणारा हात, गणवेश, सगळंच वेगळं.

त्याहून जुनं असेल तर जमीनदारी विचारा. अहेरीची जमीनदारी मोठी होती, आणि तिच्या जंगलातली तोड ही सरकारी राखीव जंगलातल्या तोडीहून वेगळी गोष्ट. जमीनदारी-मालगुजारी १९५१ मध्ये गेली आणि ती जंगलं सरकारकडे आली. "राजाच्या जंगलात काम केलं" असं कुणी म्हणालं तर ते त्याआधीचं, किंवा वडिलांकडून ऐकलेलं. दोन्हींत फरक करा आणि तसं लिहून ठेवा.

रोजी आण्यात सांगितली म्हणून लगेच १९५७ च्या आधीचं ठरवू नका. नवे पैसे आल्यावरही लोक कितीतरी वर्षं चार आणे, आठ आणेच म्हणत होते.

डेपोची वही

आता माझ्या घरचं काम. या भागात फिरताना तुम्हाला हमखास सापडेल ती जुनी नोंदवही. मार्किंग रजिस्टर, तोड रजिस्टर, डेपो रजिस्टर, लिलावाचे तक्ते, मजुरांचं मस्टर. ठेकेदारांच्या आणि आरामशीनवाल्यांच्या घरी तर खतावण्या पोत्यात भरून माळ्यावर असतात. लोकांना वाटतं यात काय, नुसते आकडे. अहो, आकड्यांतच आहे सगळं.

आधी समजून घ्या की झाडाचा प्रवास वहीत कसा दिसतो. तोडायचं झाड ठरलं की त्याची छातीच्या उंचीवर गोलाई मोजली जायची, अंक टाकला जायचा आणि हॅमरचा ठसा दोन जागी बसायचा, एक वर आणि एक अगदी बुडाशी. झाड पाडल्यावर वरचा ठसा लठ्ठ्याबरोबर जातो, बुडाचा थुटावर, म्हणजे जमिनीत उरलेल्या खुंटावर राहतो. तपासणीला आलेला माणूस थुट बघून सांगू शकतो की हे झाड परवानगीने पाडलं की चोरीने. मग झाडाचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर झाडाचा नंबर आणि त्याखाली तुकड्याचा नंबर. म्हणून वहीत ११२ खाली ३ दिसलं तर ती अपूर्णांकाची भानगड नाही; एकशे बाराव्या झाडाचा तिसरा तुकडा आहे. हे माहीत असलं की तोड रजिस्टरमधलं झाड डेपो रजिस्टरमध्ये आणि पुढे लिलावाच्या लॉटमध्ये शोधता येतं. एका सागाचा जंगलापासून व्यापाऱ्यापर्यंतचा माग असा लागतो.

मग येतात घनफूट, आणि इथे बाहेरचे लोक हमखास फसतात. डेपोत गोल लाकडाचं माप चौथाई गोलाईने काढायची पद्धत: गोलाईचा चौथा हिस्सा घ्या, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा. साठ इंच गोलाई आणि बारा फूट लांबीचा लठ्ठा घ्या. चौथा हिस्सा पंधरा, वर्ग २२५, गुणिले बारा म्हणजे २,७००, भागिले १४४. वहीत लिहिलं जाणार १८.७५ घनफूट. आता शाळेतलं वर्तुळाचं सूत्र लावा, त्याच लठ्ठ्यात जवळपास २३.९ घनफूट लाकूड निघतं. म्हणजे वहीतला आकडा खऱ्या लाकडाच्या साधारण साडेअठ्ठ्याहत्तर टक्के. ही लबाडी नाही, चिरताना वाया जाणारं धरून ठरलेली रीत आहे. पण जुन्या वह्यांवरून "जंगलातून इतकं लाकूड गेलं" असा हिशेब मांडणार असाल तर घनमीटर करताना ३५.३ ने भागू नका, २७.७ ने भागा. जुने आकडे नव्या डेपोच्या आकड्यांशी ताडून बघायचे असतील तर मात्र ३५.३ च, कारण नवे घनमीटरही बहुधा चौथाई गोलाईनेच काढलेले असतात. कुठला भागाकार केला ते तक्त्याच्या डोक्यावर लिहा.

संगणकावर उतरवताना फक्त घनफूट टंकू नका. लांबी आणि गोलाई दोन्ही टंका, घनफूट मशीनला काढू द्या. जुन्या बाबूंच्या बेरजा पकडता येतात (आमच्याही), आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोलाईचा रकाना मोकळा होतो. एकाच रेंजच्या (वनपरिक्षेत्राच्या) वीस-तीस वर्षांच्या वह्या हाती लागल्या तर हा रकाना सालवार लावा. जाड लाकूड कधी कमी झालं, बारीक कधी वाढलं, ते दिसतं. फक्त एक सांभाळा: कूप कसला होता ते बघा. विरळणीचा (दाट झाडी मोकळी करायच्या तोडीचा) कूप असेल तर माल बारीकच निघणार, त्यावरून जंगल संपलं असा निष्कर्ष काढाल तर कुणीही जुना वनपाल तुम्हाला तिथेच गप्प करेल.

वहीचा फोटो काढताना खिडकीजवळ, फ्लॅश बंद, फोन पानाला समांतर. पहिला फोटो कव्हरचा, मग प्रत्येक पान, कोरी पानंसुद्धा. कोरी पानं सोडली की पुढचा माणूस विचारत बसतो की मधली गेली कुठे. पेन्सिलीच्या खुणा, समासातल्या सह्या, पानात दाबलेला जुना वाहतूक परवाना, सगळं जसं आहे तसं. परवाना बाहेर काढून दोन्ही बाजूंनी टिपा आणि त्याच पानात परत ठेवा.

सरकारी दप्तर

हा भाग थोडक्यात, कारण इथे धीर लागतो, हुशारी नाही. आपला जिल्हा आधी मध्य प्रांतात, मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, मग द्विभाषिक मुंबईत आणि १९६० पासून महाराष्ट्रात. दप्तरंही तशीच फुटली. जुन्यासाठी नागपूरचं पुराभिलेखागार पहिलं, मग भोपाळ आणि मुंबई. वनखात्याच्या कार्य आयोजना, म्हणजे जुने वर्किंग प्लॅन, शोधाच. त्यात कक्षवार नकाशे, मजुरीचे दर, रस्ते, डेपो, सगळं असतं. चांदा जिल्ह्याचं १९०९ चं गॅझेटियर आणि १८७५ पासून निघणारं ‘इंडियन फॉरेस्टर’ हे मासिक, यांचे जुने अंक इंटरनेट आर्काइव्हवर चाळता येतात. चंद्रपूरच्या वन अकादमीत जाऊन विचारायलाही काही हरकत नाही.

चालू कार्यालयातल्या जुन्या फाइली हा नाजूक मामला. सरकारी कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘अ’ कायम ठेवायचे, बाकीचे मुदत संपली की नष्ट करायचे. डेपोच्या वह्या सहसा ‘अ’ मध्ये नसतात. म्हणजे नियमाने जाळल्या तरी कुणाची चूक नाही. मी एका कार्यालयात गेलो होतो, तिथे त्याच आठवड्यात दोन कपाटं रिकामी करून झाली होती. त्यामुळे गोड बोलून, लेखी अर्ज देऊन, नष्ट करायच्या यादीतल्या वह्या नष्ट होण्याआधी बघू द्या एवढंच मागा. नाहीच जमलं तर माहितीचा अधिकार आहे: दहा रुपये अर्जाला, दोन रुपये पानाला. पण नकला मागण्याआधी अवलोकन मागा. काय आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय हजार पानांचे पैसे भरू नयेत.

लोखंड, लाकूड, फोटो

हॅमर, साखळ्या, दोघांनी ओढायचा आरा, लठ्ठा लोटायच्या पहारी, हे सगळं भंगारात जातं. गावातल्या भंगारवाल्याशी ओळख ठेवा. असं काही आलं तर तो फोन करतो, किलोच्या भावापेक्षा थोडं जास्त द्या. सरकारी हॅमर मात्र घरी ठेवायची वस्तू नाही. त्याने आजही ठसा उमटतो, आणि ठसा म्हणजे परवानगी. दिसला तर फोटो काढा, ठशाची कागदावर काजळीने नक्कल घ्या, आणि तो रेंज ऑफिसात जमा करा. व्यापाऱ्यांचे स्वतःच्या खुणेचे हॅमर असत, ते घरच्यांनी दिले तर खुशाल ठेवा.

सागाचा कापलेला काप मिळाला तर सोडू नका. सागाला वर्षाची कडी स्पष्ट दिसते. काप पॉलिश कागदाने घासा, तोडीचं साल माहीत असेल तर बाहेरून आत मोजत जा, झाड कधी उगवलं ते कळतं. शाळेतल्या मुलांना पन्नास पानांपेक्षा हे पटकन समजतं.

घरगुती फोटोंना हात लावताना एकच नियम: फोटो घरातून न्यायचा नाही. तिथेच स्कॅन करा, छोटा असेल तर ६०० डीपीआय, मोठा असेल तर ३०० पुरे. मागची बाजूही. मग फोटोतल्या प्रत्येक माणसाला डावीकडून उजवीकडे नंबर देऊन घरातल्या म्हाताऱ्यांना नावं विचारा. ठेकेदार खुर्चीवर बसलेला असतो, त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. मागे उभे असलेल्या मजुरांची नावं त्याच आठवड्यात मिळाली तर मिळाली.

वाळवी, पाऊस, पेनड्राइव्ह

लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका. वही उन्हात वाळवू नका; ओली असेल तर सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये कोरा कागद घालत. पेटी जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, आमच्याकडे वाळवी तिथूनच येते. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा उघडून बघा.

डिजिटल प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या गावात. एकट्या पेनड्राइव्हवर भरवसा ठेवणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. फाइलचं नाव आधी साल, मग ठिकाण, मग वही, मग पान. ‘आयएमजी ००३४’ असं नाव असलेला फोटो दोन वर्षांनी तुमच्याही कामाचा राहत नाही.

काय सांगायचं, काय झाकायचं

बोलणारा माणूस मोकळा झाला की चोरट्या तोडीचं निघतं, कुणी कुणाला पैसे दिले ते निघतं, नक्षल चळवळ सुरू झाल्यानंतरच्या रात्रींचं निघतं. हे रेकॉर्ड करा, पण जिवंत माणसाच्या नावानिशी कुठे टाकू नका. अशी रेकॉर्डिंग वेगळी ठेवा, त्यावर "अमुक सालापर्यंत बंद" असं लिहा आणि ते पाळा. बोलणाऱ्याला नंतर वाटलं की अमुक भाग काढा, तर काढायचा. वाद घालायचा नाही.

आणि फक्त ठेकेदार, साहेब, लिलाव एवढ्यावर थांबू नका. निस्ताराचे (घरच्या गरजेपुरतं जंगलातून घ्यायचे) हक्क, बेगार, जंगल कामगार सहकारी संस्था, तेंदूचे दर, हे याच गोष्टीचे भाग आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःच्या परवान्यावर बांबू विकला. ज्या बांबूवर बल्लारपूरची पेपर मिल वर्षानुवर्षं चालली, तोच हा बांबू; फक्त या वेळी वही ग्रामसभेकडे होती. आज ग्रामसभांकडे ज्या बांबू-तेंदूच्या वह्या भरल्या जात आहेत, त्यांचे फोटो आत्ताच काढून ठेवा. तीस वर्षांनी त्याही पोत्यात सापडतील.

परत गावात

जमवलेलं आधी जिथून घेतलं तिथे दाखवा. आठवडी बाजाराच्या दिवशी, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर दोरी बांधून तीसेक फोटो टांगा. मोठे छापा, म्हाताऱ्यांना दिसले पाहिजेत. प्रत्येकाला नंबर, खाली दोन ओळी: कुठे, केव्हा, कोण. शाळेत दाखवायचं तर २१ मार्चचा वन दिवस किंवा जुलैचा वनमहोत्सव बरा, शिक्षकांनाही काहीतरी करायचंच असतं. गोंडीतल्या मुलाखतीचे दोन-तीन मिनिटांचे तुकडे व्हॉट्सॲपवर फिरवा. लांबलचक फाइल कुणी उघडत नाही. पूर्ण संग्रहाची एक प्रत ग्रामसभेला, एक गोंडवाना विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्या, आणि ज्याला परवानगी आहे तेवढंच इंटरनेट आर्काइव्हवर चढवा. फोटोंवर साठ वर्षांचा कॉपीराइट असतो हे लक्षात ठेवा आणि घरच्यांची लेखी संमती घ्या. एक साधा कागद, दोन सह्या.

दोरीखाली एक वही आणि सुतळीला बांधलेलं पेन ठेवा. लोक येतात, वाद घालतात: हा कूप त्या नाल्याचा नाही, हा माणूस तो नाही, हा त्याचा भाऊ. लिहिता येत नसेल त्यांचं तुम्ही लिहून घ्या, सांगणाऱ्याच्या नावासकट. आधीची ओळ खोडू नका, नवी तिच्याखाली लिहा. आणि पुढच्या बाजारापर्यंत त्या दुरुस्त्या फोटोखालच्या ओळींत आणि संगणकातल्या यादीत, दोन्हीकडे उतरवून टाका, नाहीतर पुढच्या वेळी तोच माणूस तोच वाद घालायला येईल आणि त्याचंच बरोबर असेल.